छातीत कफ, जेवण बंद, तरी साखर ३४२. असं कसं?

शिवाजीपेठेची_लेक (मंगळवार, रात्री १०:५०)

मंडळी, घाईत लिहितेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमचे आबा, वय ७१, एसटीतून रिटायर. साखर वीसेक वर्षांपासूनची. सकाळ-संध्याकाळ ३०/७० चं मिश्र इन्सुलिन, शिवाय मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिनची रोज एक गोळी. एरवी उपाशीपोटी १३०-१४० च्या पुढे जात नाहीत. गेल्या बुधवारी इथं कोल्हापुरात गंगावेशीतनं दूध आणताना भिजले. आधी सर्दी, मग खोकला, शुक्रवारपर्यंत छातीत घरघर. शनिवारी आईनं दवाखान्यात नेलं. छातीचा फोटो काढला. न्यूमोनिया नाही, श्वासनलिकांना सूज आहे म्हणाले. पाच दिवसांच्या गोळ्या आणि एक सिरप दिलं.

तेव्हापासून तोंडाला चव नाही. सकाळी अर्धी वाटी पेज, रात्री दोन घास. म्हणून आबांनी रविवारपासून सुई बंद केली. "पोटात कायच न्हाई तर सुई टोचून खाली पाडायचंय व्हय मला?" आईचंही तेच म्हणणं. तिनं वहीत रोज सकाळची साखर लिहिलीय, १५८, १७४, १९६. फार काही वाटलं नाही तिला. मी आज दुपारी सांगलीहून आले. संध्याकाळी सातला सहज तपासली तर ३४२. हात धुवून परत तपासली, ३३७.

न खाता साखर एवढी वाढते कुठून? आणि आत्ता रात्री सुई द्यायची का? दवाखान्याचा फोन कुणी उचलत नाहीये.

---

साधी_भाकरी (रात्री ११:०१)

ताई, बाकीचं वाचण्याआधी हे बघा. उलट्या होतायत का? पोट दुखतंय का? श्वास जोरजोरात, खोल चाललाय का? बोलताना गुंगी, असंबद्ध बोलणं? घरात ऑक्सिमीटर असेल तर आकडा किती? यातलं एक जरी 'हो' असेल किंवा ऑक्सिजन ९४ च्या खाली असेल तर इथं टाइप करत बसू नका, रिक्षा बोलवा आणि इमर्जन्सी गाठा.

माझा मुलगा टाइप वन मधुमेही आहे, म्हणजे शरीरात इन्सुलिन बनतच नाही, नऊ वर्षांचा असल्यापासून. आजारपणात सुई बंद करायची नाही हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात बजावून सांगितलं होतं.

---

शिवाजीपेठेची_लेक (रात्री ११:०९)

उलटी नाही, पोट दुखत नाही. ऑक्सिजन ९५-९६. नीट बोलतायत, उलट मलाच रागावतायत. पण तहान खूप आहे, जीभ कोरडी पडलीय आणि दर तासाला लघवीला उठतायत.

---

पांढराकोट_निवृत्त (रात्री ११:२४)

मी चाळीस वर्षं वॉर्डात सिस्टर म्हणून काढली. उपचार ठरवणं डॉक्टरांचं काम, पण असं का होतं ते सांगते.

साखर फक्त ताटातनं येत नाही. आपलं लिव्हर स्वतः साखर साठवतं, तयार करतं आणि रक्तात सोडतं. ताप आला, छातीत जंतू गेले की शरीर लढाईच्या तयारीत जातं. कॉर्टिसॉल, अ‍ॅड्रेनलिन, ग्लुकॅगॉन ही सगळी हार्मोन्स वाढतात आणि लिव्हरला सांगतात, साखर सोड. त्याच वेळी इन्सुलिनचं पेशींवर चालतही नाही. म्हणून उपाशी माणसाची साखर चढते. या दिवसांत बऱ्याच जणांची इन्सुलिनची गरज नेहमीपेक्षा जास्त असते, आणि नेमकं तेव्हाच लोक सुई बंद करतात. मी वॉर्डात हे इतक्या वेळा पाहिलंय की आबांचं वाक्य वाचून मला ते समोर बसलेत असंच वाटलं.

साखर वाढली की ती लघवीवाटे पाणी घेऊन जाते. म्हणून तहान, म्हणून कोरडी जीभ. पाणी कमी झालं की साखर आणखी घट्ट. म्हाताऱ्या माणसात हे चक्र काही दिवसांत साखर सहाशेच्या वर नेऊ शकतं आणि माणूस गुंगीत जातो.

आता एक विचारते. शनिवारी दिलेल्या गोळ्यांची नावं टाका, पाकीट बघून.

---

शिवाजीपेठेची_लेक (रात्री ११:३१)

अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलेनिक, मेथिलप्रेडनिसोलोन १६, पॅरासिटामॉल लागेल तशी. सिरपवर लेव्होसालब्युटामॉल, अ‍ॅम्ब्रोक्सॉल असं काहीतरी लिहिलंय.

---

पांढराकोट_निवृत्त (रात्री ११:४३)

मेथिलप्रेडनिसोलोन म्हणजे स्टेरॉइड. घरघर आणि सूज उतरायला देतात आणि कितीतरी वेळा द्यावंच लागतं, त्यामुळे डॉक्टरांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण स्टेरॉइड साखर चढवतं, आणि चढवण्याची त्याची वेळ ठरलेली असते. सकाळी घेतलेल्या गोळीचा जोर दुपारी आणि संध्याकाळी दिसतो, पहाटेपर्यंत उतरतो. आईनं फक्त सकाळची साखर पाहिली, म्हणून वहीतला आकडा गरीब दिसला. दुपारी चारला पाहिली असती तर शनिवारीच कळलं असतं. आईला बोलू नका, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसणार.

स्टेरॉइड मनानं बंद करू नका. डॉक्टरांना कळवा की साखर ३४२ आहे आणि रविवारपासून सुई बंद आहे.

दुसरं, ती डापाग्लिफ्लोझिन. ही गोळी साखर लघवीतनं बाहेर काढते. माणूस जेवत नसेल, पाणी कमी पडत असेल आणि त्यात इन्सुलिनही बंद असेल तर या गोळीवर शरीरात कीटोन, म्हणजे चरबी जळताना तयार होणारी आम्लं, साठू शकतात. कधी कधी तर साखर दोनशेच्या आसपासच असते आणि रक्त आंबट झालेलं असतं. म्हणून अशा आजारात ही गोळी थांबवायला सांगतात. आज रात्रीच लघवीतले कीटोन तपासा. पट्ट्यांची डबी मोठ्या मेडिकलमध्ये मिळते.

---

तालमीतला_दादा (रात्री ११:५०)

ताई, तुम्ही कुठल्या बाजूला? सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या समोरची मेडिकलं रात्रभर उघडी असत्यात. नसंल जमत तर पत्ता मेसेज करा, मी मंगळवार पेठेत हाय, गाडीवर धा मिनटांत आणून देतो. पाऊस बिऊस बघू नका.

---

शिवाजीपेठेची_लेक (बुधवार, रात्री १:१५)

दादा, तुमचे उपकार कसे फेडू. रेनकोटातनं पाणी गळत दारात उभे होतात आणि चहालासुद्धा थांबला नाहीत.

कीटोन पट्टीवर 'ट्रेस'चा रंग आला, त्याच्या पुढे नाही. आमच्या जुन्या फॅमिली डॉक्टरांचा नंबर शेजारच्या काकूंकडे मिळाला. त्यांनी फोनवर सगळं विचारलं, अगदी लघवी किती वेळा तेही. आत्ता द्यायचा डोस सांगितला. (आकडा मुद्दाम लिहीत नाही. कुणी वाचून तोच घेईल.) डापाग्लिफ्लोझिन बंद. दर तीन तासांनी साखर, दर तासाला थोडं थोडं पाणी, सकाळी नऊला घेऊन या म्हणाले. कीटोन वाढले किंवा उलटी झाली तर सकाळची वाट न बघता अ‍ॅडमिट.

आबा सुईला तयार होईनात. मग सिस्टरताईंचं ते लिव्हरचं मोठ्यानं वाचून दाखवलं. ऐकून म्हणाले, "म्हंजे आतनंच चोरून वाढतंय व्हय!" आणि शर्ट वर केला.

---

ऊसाचं_रान (बुधवार, सकाळी ६:२०)

लवकर बरे होवोत आबा.

मला मात्र एवढ्या धावपळीची गरज वाटत नाही. आमच्या वडिलांना पंचवीस वर्षं साखर होती. आजारी पडले की लंघन करायचे आणि आलं, तुळस, ज्येष्ठमध, गवती चहाचा काढा. सोबत सितोपलादी चूर्ण मधातनं. तीन दिवसांत उठून रानात. आजकाल लगेच मशीन, लगेच आकडे, आणि आकडे बघूनच माणूस निम्मा आजारी होतो.

---

साधी_भाकरी (सकाळी ७:४०)

तुमच्या वडिलांना बरं वाटायचं हे खोटं कशाला म्हणू? पण त्या तीन दिवसांत साखर किती होती हे तपासलंच नव्हतं ना? आणि ते गोळीवर होते की इन्सुलिनवर? माझ्या मुलानं लंघन करून इन्सुलिन सोडलं तर दुसऱ्या दिवशी आयसीयू. सगळ्यांचा मधुमेह एक नसतो हो.

---

मूळव्याकरण (सकाळी ८:०५)

सितोपलादीचं नाव निघालं म्हणून. मी वैद्य आहे आणि खोकल्यात हे चूर्ण मी स्वतः देतो. पण त्यातली 'सिता' म्हणजेच खडीसाखर. शास्त्रातलं प्रमाण सिता १६ भाग, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलची २, दालचिनी १. एकतीस भागांत सोळा भाग साखर, म्हणजे निम्म्याहून जास्त. त्यावर मध. दिवसातनं तीन वेळा चमचाभर मधातनं घेतलं तर वीसेक ग्रॅम साखर सहज पोटात जाते आणि पेशंट सांगतो, मी गोडाचा कण खाल्ला नाही.

मधुमेही रुग्णाला मी पिंपळी-सुंठ वेगळी देतो, कोमट पाण्यातनं. ज्येष्ठमधही रोज कपभर प्यायचं औषध नव्हे. जास्त झालं की रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी जपून. आणि काढा घ्या, जरूर घ्या, पण गूळ न घालता, आणि इन्सुलिन चालू ठेवून.

---

ऊसाचं_रान (सकाळी ८:३२)

वैद्यबुवा, हे सोळा भागांचं खरंच माहीत नव्हतं. आमच्या काढ्यात गूळ तर मूठभर असायचा, घरचंच गुऱ्हाळ. माझी स्वतःची साखर बॉर्डरवर आहे असं गेल्या वर्षी सांगितलंय. आता विचारात पडलो.

---

काकवी (सकाळी ९:१०)

गुऱ्हाळावरनं आठवलं. गेल्या जानेवारीत आमच्या मोठ्या दिरांना खोकला-ताप. गुऱ्हाळात बसूनच साखर तपासली, ४१०. घरात रडारड. गाडी काढली, निघालो, आणि वाटेत मला त्यांच्या बोटाकडं बघून शंका आली. नखाच्या कडेला काकवीचा चिकटा वाळलेला दिसत होता, उन्हात चकाकत होता. रंकाळ्याजवळ टपरीवर गाडी थांबवली, साबणानं हात धुतले, कोरडे केले, दुसऱ्या बोटाची घेतली. १८६.

तेव्हापासून आमच्यात आधी साबण, मग सुई. केळं, संत्रं सोललेल्या बोटानंही असंच होतं म्हणे. सॅनिटायझर पुसून चालत नाही, गोड तसंच राहतं.

---

पांढराकोट_निवृत्त (सकाळी ९:२५)

काकवीताई, अगदी. आणि पावसाळ्यात पट्ट्यांच्या डबीचं झाकण उघडं टाकू नका. दमटपणानं पट्टी खराब होते आणि आकडा भलताच दाखवते. दंडावर सेन्सर लावणाऱ्यांनी आपल्या सेन्सरच्या माहितीपत्रात बघा, काहींना पॅरासिटामॉलनं आणि काहींना व्हिटॅमिन सीच्या मोठ्या डोसानं चुकीचा आकडा येतो. सर्दीत लोक दोन्ही घेतात. शंका आली की बोटाची तपासा.

---

निळी_छत्री (सकाळी १०:४०)

सगळे साखर वाढण्याबद्दल बोलतायत, मी उलटं सांगते.

दोन वर्षांपूर्वी सासऱ्यांना न्यूमोनिया होता. ते ग्लिमेपिराइड या साखरेच्या गोळीवर. दवाखान्यातनं घरी आल्यावर लेव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक चालू होतं. जेवण निम्म्यावर आलेलं, पण गोळी नेमानं चालू, कारण आम्हाला कुणीतरी 'औषध बंद करायचं नाही' एवढंच सांगितलेलं. पहाटे चारला त्यांच्या खोलीतनं काहीतरी पडल्याचा आवाज. बघते तर घामानं बनियन चिंब, हात थरथरतायत, मला माझ्या नणंदेच्या नावानं हाक मारतायत. साखर ४८. गिळता येत होतं म्हणून तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, पंधरा मिनिटांनी परत तपासली, ६६. परत तीन चमचे. मग ९० च्या वर आली तेव्हा अर्धी भाकरी दुधात कुस्करून दिली.

नंतर कळलं की ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड ह्या गोळ्या जेवण असो-नसो इन्सुलिन बाहेर ढकलत राहतात, आणि लेव्होफ्लॉक्सासिनच्या जातीची अँटिबायोटिकं साखर खाली-वर करतात. दोन्ही एकत्र आलं आणि पोट रिकामं. आम्ही कुणाला विचारलं नाही आणि आम्हाला कुणी सांगितलंही नाही. दवाखान्याचं नाव घेत नाही, पण डिस्चार्जच्या कागदावर याबद्दल एक ओळ नव्हती.

म्हणजे 'बंद करू नका' हेही अर्धंच खरं. कुठलं चालू, कुठलं निम्मं, कुठलं बंद, हे गोळीगणिक वेगळं आहे.

---

पांढराकोट_निवृत्त (सकाळी ११:०५)

छत्रीताई, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. इन्सुलिनच्या बाबतीतही तेच. लांब पल्ल्याचं रात्रीचं इन्सुलिन असतं ते शरीराच्या आतल्या साखरेसाठी असतं, ते सहसा चालूच ठेवतात. जेवणाआधीचं जलद इन्सुलिन जेवणाच्या मापानं. पण आबांसारखं ३०/७० असेल तर दोन्ही एकाच बाटलीत मिसळलेलं, तीस टक्के जलद, सत्तर टक्के सावकाश. त्यातलं निम्मं वेगळं काढता येत नाही. म्हणून डॉक्टरांना विचारूनच. मेटफॉर्मिनही उलट्या-जुलाब, पाणी कमी झालेलं असेल तर थांबवतात, किडनीसाठी.

आजारपणात कुठलं औषध चालू, कुठलं बंद याचा कागद तब्येत चांगली असताना डॉक्टरांकडून लिहून घ्यायचा असतो. रात्री अकराला कुणाच्या डोक्यात हे येणार?

---

तालमीतला_दादा (दुपारी १२:३०)

मला एक सांगा, सर्दीत पांढरा रस्सा चालतो का? आमच्या आईचा सगळ्या दुखण्यावर एकच इलाज. नाक चोंदलं, रस्सा. पोरगी बघायला आली, रस्सा. परीक्षेत नापास, तवा बी रस्सा.

---

निळी_छत्री (दुपारी १२:४४)

नापास झाल्यावर रस्सा मिळत असेल तर मी परत अकरावीला बसते.

---

मूळव्याकरण (दुपारी १:१०)

दादा, रश्श्यानं साखर फारशी वाढत नाही, मटणाचं पाणी आणि नारळाचं दूध असतं त्यात. पण काजू-खसखस-नारळानं तो जड होतो आणि तापात भूक मेलेली असताना पोटाला झेपत नाही. वाटण घालण्याआधी वरचं आळणी पाणी काढून घ्या, मिरी आणि मीठ टाकून वाटीभर गरम प्या. पाणीही जातं, मीठही जातं. आईंना सांगा, वैद्यानं परवानगी दिली.

पेजेचं मात्र बघा. तांदळाची पातळ पेज झटकन साखर होते. ती वर्ज्य नाही, काहीच जात नसेल तर तीच द्या, पण ताकाबरोबर, मुगाच्या कढणाबरोबर. नाचणीची आंबील ताक घालून दिली तर बऱ्याच जणांच्या तोंडाला चव येते.

---

साधी_भाकरी (दुपारी १:३५)

आमच्याकडे नियम असा: साखर जास्त असेल तर बिनसाखरेचं पाणी, ताक, कढण. साखर उतरायला लागली आणि खाणं जात नसेल तर मग थोडी पेज, थोडा रस, आणि इन्सुलिन चालू. ओआरएस घेताना पाकीट वाचा. डब्ल्यूएचओ सूत्राच्या पावडरीत लिटरला साडेतेरा ग्रॅमच ग्लुकोज असतं, पेलाभरात तीन ग्रॅमपेक्षा कमी. तयार गोड खोक्यातल्या पेयांत त्याच्या कितीतरी पट साखर असते. नारळपाणी चालतं, पण किडनीचा त्रास असेल तर विचारून, पोटॅशियम असतं. हार्टवाल्यांनीही पाणी किती प्यायचं ते विचारावं.

---

इशारापातळी (दुपारी २:२०)

धाग्याशी थेट संबंध नाही, पण पंचगंगा आज ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकतेय म्हणून लिहितो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या भागात पाणी शिरलं, लाइट गेली. आईचं इन्सुलिन फ्रीजमध्ये, आणि तिलाही तेव्हा असाच कफ. आम्ही तीन दिवस गच्चीवर. शेजारच्या आजींनी एक माठ दिला. त्यात वाळू भिजवून, मध्ये छोटं मडकं, त्यात पिशवीत बांधून बाटल्या. वर ओलं पोतं. दर दोन तासांनी पोत्यावर पाणी शिंपडायला आम्ही पोरांची पाळी लावली होती. २०२१ च्या जुलैला परत पाणी आलं तेव्हा तोच माठ आधीच गच्चीवर नेऊन ठेवला होता.

वापरात असलेली बाटली साधारण चार आठवडे सावलीत, थंड जागी टिकते. घाबरून टाकून देऊ नका आणि बर्फात गोठवूही नका, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. पूररेषेतल्या लोकांनी पट्ट्या, सुया, गोळ्या आत्ताच वरच्या मजल्यावर न्या.

---

शिवाजीपेठेची_लेक (बुधवार, संध्याकाळी ६:१५)

सकाळी डॉक्टरांकडे जाऊन आलो. रात्रभरचे आकडे: १ वाजता ३११, ४ वाजता २६८, ७ वाजता २१४. कीटोन पट्टी कोरी.

पहाटे चारला बोटातनं रक्तच येईना. आबांचा हात गार पडलेला, पावसाचा गारठा. मग त्यांची बोटं माझ्या दोन्ही तळव्यांत धरून चोळत बसले. लहानपणी एसटीतनं रात्री उशिरा आल्यावर ते माझे पाय असेच चोळायचे. थेंब आला तेव्हा दोघंही मोठ्यानं हसलो आणि आई उठून बसली.

डॉक्टरांनी छाती तपासली, घरघर कमी आहे. स्टेरॉइडचे राहिलेले दिवस पूर्ण करायचे, पण सकाळचा इन्सुलिनचा डोस तेवढ्यापुरता वाढवला. आणि साखर आता सकाळी, दुपारच्या जेवणानंतर, रात्रीच्या जेवणाआधी आणि झोपताना. सिस्टरताई, तुम्ही म्हणालात तेच कारण सांगितलं त्यांनी.

---

चाफ्याचं_झाड (बुधवार, रात्री ९:३०)

एक गंभीर गोष्ट. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत माझ्या भावाला स्टेरॉइड द्यावं लागलं, साखर चारशेच्या खाली येईना, घरी आल्यावर पंधरा दिवसांनी एका बाजूचा गाल बधिर झाला, नाकातनं काळपट. म्युकर, म्हणजे काळी बुरशी. तो वाचला, वरचा जबडा गेला. त्या वर्षी किती घरांत हे झालं, तुम्ही पाहिलंय.

साधी सर्दी वेगळी, मला माहीत आहे. पण साखर खूप चढलेली असताना आणि स्टेरॉइड चालू असताना एका बाजूचा चेहरा दुखला, डोळा सुजला, नाकातनं काळं आलं तर त्याच दिवशी कानानाकाघशाच्या डॉक्टरांकडे. उद्यावर टाकू नका. आम्ही चार दिवस दातांचं दुखणं समजलो होतो.

---

पांढराकोट_निवृत्त (रात्री १०:१०)

चाफाताई, तुमच्या भावाला नमस्कार सांगा.

आणखी एक. श्वास जोरात चालला की आपण छातीलाच दोष देतो. खोल, न थांबणारा श्वास, ऑक्सिजन मात्र चांगला, पोट दुखतंय, तोंडाला पिकल्या फळासारखा वास, तर तो कीटोनचा श्वास असू शकतो. कफ आहे म्हणून वाफ देत बसू नये.

आणि खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला तर मधुमेही माणसानं थुंकी तपासून घ्यायचीच. साखर असणाऱ्यांना टीबीचा धोका इतरांच्या दोन-तीन पट असतो. सरकारी केंद्रात तपासणी आणि औषध दोन्ही मोफत. लाजायचं काही नाही त्यात.

---

ऊसाचं_रान (गुरुवार, सकाळी ७:१५)

काल रात्री झोप लागली नाही. आज गावातल्या लॅबमध्ये जाऊन तीन महिन्यांची सरासरी साखर तपासायला दिली. सकाळी अनशापोटी बोटाची १४९ आली. आलं-तुळशीचा काढा केलाय, गुळाशिवाय. पहिल्यांदाच प्यायलो तसा. तिखट लागतो, पण घसा मोकळा झाला.

फ्लूची लस कुणी घेता का? आमच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, मी उडवून लावलं होतं.

---

साधी_भाकरी (सकाळी ८:२०)

आम्ही घरातले चौघंही दरवर्षी घेतो, पावसाळ्याआधी. न्यूमोनियाची वेगळी असते, ती दरवर्षी लागत नाही. मधुमेहींना दोन्ही घ्यायला सांगतात. लस घेतल्यावर मुलाला सर्दी होतच नाही असं नाही, पण गेल्या तीन वर्षांत सर्दीपायी अ‍ॅडमिट करावं लागलं नाही. आधी दर पावसाळ्यात एकदा तरी व्हायचंच.

---

शिवाजीपेठेची_लेक (पुढचा बुधवार, रात्री ८:४५)

उशिरा कळवतेय, परत सांगलीला येऊन दोन दिवस झाले.

आबांचा खोकला नव्वद टक्के गेला. स्टेरॉइड गुरुवारी संपलं. मग शनिवारी संध्याकाळी अचानक अंगाला घाम, चिडचिड, "जरा बसतो" म्हणाले. तपासली तर ६८. तीन चमचे साखर, पंधरा मिनिटं, १०४. आजारपणात वाढवलेला डोस तसाच चालू होता आणि इकडे स्टेरॉइडही नाही, तापही नाही, वर भूक परत आलेली पण अजून निम्मीच. छत्रीताईंचं वाचलं होतं म्हणून आईनं घाबरून न जाता आधी मशीन काढलं. डॉक्टरांनी रविवारी डोस पूर्वीच्या जागी आणला. डापाग्लिफ्लोझिन परत चालू केली, तीही जेवण-पाणी पूर्ववत झाल्यावर.

डॉक्टरांकडून कागद लिहून आणलाय. कुठली गोळी कधी थांबवायची, किती वेळानं तपासायचं, कोणत्या आकड्याला फोन आणि कशाला थेट दवाखाना. आईनं तो फ्रीजवर लावलाय. वर तिच्या अक्षरात एक ओळ जास्तीची आहे, 'दुपारची बघणे'.

आज आबांचा फोन आला. उपाशीपोटी १३६. पाऊस उघडलाय, रंकाळ्याला चक्कर मारून आलो म्हणाले, अर्धीच मारली. पट्ट्या अकरा उरल्यात, उद्या दादाला सांगून मागवतो.

---

तालमीतला_दादा (रात्री ८:५२)

आबांस्नी सांगा, सकाळी धा वाजता पोच करतो. आणि आईनं आळणी पाण्याचा डबा बी दिलाय सोबत.